जुन्या डिझेल गाडीच्या धुराची परीक्षा

आमच्या वरोरा भागांत कापूस वेचणीच्या दिवसांत शेतकऱ्याची जी धांदल उडते, तींत बैलबंडीची जागा आतां बव्हंशीं मोटारीनें घेतली आहे. नवी गाडी घेण्याचें सामर्थ्य सर्वांस नसतें. म्हणून दहा-पंधरा वर्षांची जुनी डिझेल व्हॅन घेऊन तींतून घरचीं माणसें, वेचणीच्या बाया, बी-बियाणें व खतें यांची ने-आण करणारे शेतकरी गांवोगांवीं आढळतात. गाडी चालते तोंवर तिच्याकडे कोणी पाहत नाहीं; परंतु धूर-तपासणीच्या प्रमाणपत्राची, म्हणजे ज्यास सर्वत्र पी.यू.सी. म्हणतात त्याची, मुदत संपत आली म्हणजे मालकाचें तोंड सुकतें. ह्या बाबतींत आम्हांस स्वतःच्या गाडीपायीं जें शिकावें लागलें, तें सभासद बंधूंच्या उपयोगीं पडेल अशा समजुतीनें येथें क्रमवार देत आहों.

प्रथम आमचा दोष

आरंभींच एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आमची व्हॅन २००९ सालीं नोंदलेली आहे. तिचें प्रमाणपत्र दर सहा महिन्यांनीं घ्यावें लागतें. वेचणीच्या घाईंत गाडी तपासणीस नेण्यास सवड होईना, म्हणून दोन वेळां आम्हीं मध्यस्थाच्या हातीं चार पैसे अधिक ठेविले, आणि गाडी शेतांत उभी असतां प्रमाणपत्र घरीं आलें. आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेले. बांधावर न जातां चावडींत बसून भरलेल्या पीकपाहणीचे कागद आम्हीं नोकरीभर पाहिले, आणि ते भरणारांस मनांतल्या मनांत दोषही दिला. कागद एक सांगतो आणि वावर दुसरेंच सांगतें, ह्या रोगाची आम्हांस पूर्ण ओळख होती. तरी तोच रोग आम्हीं पैसे मोजून घरांत आणिला.

डोळे उघडले ते २०२३ च्या वेचणींत. एके दिवशीं संध्याकाळीं बायांना गांवांत उतरवीत असतां त्यांतली एक बाई, मांडीवरचें लेंकरूं सांवरीत म्हणाली, "भाऊ, तुमच्या गाडीचा धूर मागच्या दारातून आमच्याच नाकातोंडात जाते. लेकरू रातभर खोकलते." तिच्या बोलण्यांत तक्रारीचा सूर नव्हता, पाऊस आला किंवा थंडी पडली असें सांगावें, तसें तिनें सांगितलें. त्या वेळीं प्रमाणपत्र आमच्या खिशांत होतें, आणि आमच्या गाडीचा धूर मर्यादेंत असल्याचें त्यावर छापलेलें होतें.

पुढें २०२४ सालीं गाडीस पंधरा वर्षें पुरीं झालीं व नोंदणीच्या नूतनीकरणाचा प्रसंग आला. तेव्हां आम्हीं गाडी स्वतः चालवीत तपासणी-केंद्रावर नेली. यंत्रानें अंक दाखविला ४.१२. मर्यादा होती २.४५. गाडी नापास झाली.

कायदा काय मागतो

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, ह्यांतील ११५ व्या नियमांत धुराच्या मर्यादा दिलेल्या आहेत. पहिल्या नोंदणीस एक वर्ष झाल्यावर प्रत्येक मोटारीस प्रमाणपत्र बाळगावें लागतें. भारत स्टेज चार व त्यापुढील गाड्यांस त्याची मुदत एक वर्षाची, व त्याआधींच्या गाड्यांस सहा महिन्यांची आहे. भारत स्टेज चार हें मान सर्व देशभर १ एप्रिल २०१७ पासून लागू झालें, व भारत स्टेज सहा हें १ एप्रिल २०२० पासून. म्हणून आपल्याकडील २०१७ पूर्वीच्या बहुतेक गाड्या सहामाहीच्या वर्गांत पडतात.

डिझेल गाडीची परीक्षा अशी: गाडी उभी ठेवून, गिअर न घालतां, तापलेल्या इंजिनास एकदम पूर्ण रेस देतात. सायलेन्सरमध्यें घातलेल्या नळींतून धूर यंत्रांत जातो. तेथें एका बाजूनें प्रकाश सोडलेला असतो. धुरानें त्यांपैकीं किती अडविला तें यंत्र मोजतें. अशी रेस अनेक वेळां देऊन, जे अंक परस्परांशीं जुळतात त्यांची सरासरी धरितात. भारत स्टेज चारपूर्वीच्या डिझेल गाडीस ही मर्यादा दर मीटरास २.४५, म्हणजे हार्ट्रिज मापानें ६५ आहे. भारत स्टेज चारच्या गाडीस १.६२, म्हणजे हार्ट्रिज मापानें ५० आहे.

२०२१ सालच्या दुरुस्तीनें सर्व देशांत प्रमाणपत्राचा एकच नमुना ठरला, आणि नापास झालेल्या गाडीच्या मालकास नापासाची चिठ्ठी देण्याची तरतूद झाली. ही चिठ्ठी मागून घ्यावी. फाडून फेंकूं नये. तींवरील अंक मिस्त्रीस दाखविला म्हणजे त्यास कामाचा अंदाज येतो, व पुढें दुरुस्तीचा गुण किती आला तें ताडून पाहतां येतें.

प्रमाणपत्रावांचून गाडी चालविल्यास मोटार वाहन कायद्याच्या १९० व्या कलमाखालीं, २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊं शकतात. शिवाय चालविण्याचा परवाना तीन महिने निरुपयोगी होण्याचीही त्यांत तरतूद आहे.

येथेंच एका अफवेचा समाचार घेणें बरें. पंधरा वर्षें झालीं कीं गाडी सरकार मोडीत काढतें, असें बाजारांत पुष्कळ जण सांगतात. दिल्ली व तिच्या भोंवतालच्या राजधानी क्षेत्रापुरते दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांविषयींचे हुकूम हरित न्यायाधिकरणानें २०१५ सालीं व सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं दिले होते. तसेंच सरकारी मालकीच्या पंधरा वर्षांवरील गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द करण्याचा नियम झाला. ह्या दोन्ही गोष्टींची खिचडी होऊन ही अफवा उठली आहे. आपल्या जिल्ह्यांत खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर, तपासणींत ती योग्य ठरल्यास, पांच-पांच वर्षांसाठीं वाढवून मिळते. त्यासाठीं नमुना २५ चा अर्ज, ठरलेली फी, पर्यावरण कर व चालू धूर-प्रमाणपत्र लागतें. म्हणून भिऊन जुनी गाडी मातीमोल विकण्याचें कारण नाहीं.

धूर कां होतो

चुलींत वाळलेली पऱ्हाटी बेतानें घातली तर ती लख्ख जळते. तीच ओली असली, किंवा चुलीचें तोंड भरेल इतकी कोंबली, तर घर धुरानें भरतें. लांकूड तेंच, पण हवा पोंचत नाहीं. डिझेल इंजिनाचें असेंच आहे. त्यांत अगोदर हवा दाबून अतिशय तापवितात, आणि त्या तापलेल्या हवेंत डिझेलचा फवारा सोडतात. फवारा बारीक, वेळेवर व बेताचा असला, आणि हवा भरपूर असली, तर डिझेल पुरतें जळतें. फवाऱ्याचे थेंब मोठे पडले, तो उशिरा सुटला, किंवा हवा कमी पडली, तर डिझेलचा कांहीं भाग जळण्याऐवजीं काजळी होऊन बाहेर पडतो. काळा धूर म्हणजे पैसे देऊन घेतलेलें व अर्धवट जाळलेलें डिझेल होय. आमची व्हॅन पूर्वीं एका लिटरास तेरा किलोमीटर चालत असे. नापास झाली त्या वेळीं ती दहावर आली होती. त्याचा जाब आम्ही पंपावरच्या भेसळीस विचारीत होतों. खरा चोर गाडींतच होता.

धुराचा रंग ओळखावा

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वीं इंजिन गरम करून धुराचा रंग पाहावा.

काळा धूर: हवा कमी किंवा डिझेल जास्त. ह्याचा उपाय बहुधा आटोक्यांतला असतो.

निळा धूर: इंजिनांतील ऑइल जळतें. पिस्टनच्या रिंगा झिजल्या, व्हॉल्व्हचे सील गेले, किंवा ऑइल खुणेच्यावर भरलें, हीं त्याचीं कारणें. शेवटलें कारण फुकट दूर होतें, म्हणून तें आधीं पाहावें.

पांढरा धूर: थंड इंजिनाचा थोडा वेळ निघाला तर चिंता नको. गरम झाल्यावरही राहिला, तर डिझेल न जळतां जात आहे, किंवा हेडचें गॅस्केट जाऊन पाणी आंत शिरत आहे असें समजावें. रेडिएटरांतील पाणी वरचेवर कमी होत असेल तर ही शंका दृढ होते.

आमच्या गाडीचा धूर निखळ काळा होता.

दुरुस्तीचा क्रम

येथें शेतकऱ्याची चूक होते ती ही कीं, तो एकदम मोठ्या खर्चाच्या कामास लागतो, किंवा उलट सर्व कांहीं मिस्त्रीवर टाकून मोकळा होतो. आमचा अनुभव असा कीं, स्वस्त काम आधीं करावें, आणि प्रत्येक कामानंतर अंक पाहावा. म्हणजे कोणत्या कामानें किती गुण आला तें कळतें, व नको तो खर्च वांचतो.

१. एअर फिल्टर. वणी, माजरी, वरोरा ह्या टापूंत कोळशाच्या ट्रकांनीं रस्त्यावर काळ्या धुळीचा थर सदोदित असतो. त्यांत शेताच्या वाटेची माती. कंपनीच्या पुस्तकांत फिल्टर बदलण्याचें जें अंतर लिहिलेलें असतें, तें अशा धुळीस लागू पडत नाहीं. आपण तें निम्म्यावर आणावें. कागदी फिल्टर डिझेलनें धुऊं नये. हलक्या हातानें आपटून झाडावा, आणि फार मळला असल्यास नवाच घालावा. झांकणाचें रबर नीट बसलें आहे कीं नाहीं तेंही पाहावें, नाहीं तर धूळ फिल्टर चुकवून आंत जाते. आमच्या गाडीचा फिल्टर काढला तेव्हां तो कोळशाच्या खांडासारखा दिसत होता. नवा घातल्यावर अंक ४.१२ वरून ३.३० वर आला. खर्च कांहीं शेंकड्यांचा.

२. डिझेल फिल्टर व टाकी. फिल्टरखालीं सांचलेलें पाणी सोडावें, फिल्टर बदलावा. डिझेल डब्यांत भरून घरीं सांठविणारांनीं डब्याच्या तळचें डिझेल गाडींत ओतूं नये. ह्यानें आमच्या अंकांत फारसा फरक पडला नाहीं. परंतु पुढील काम टिकण्यास हें अवश्य आहे.

३. ऑइल व टॅपेट. ऑइल ठरलेल्या प्रतीचें व खुणेइतकेंच असावें. टॅपेटची फट पुस्तकांत दिलेल्या मापाप्रमाणें फीलर गेजनें लावावी. कानानें अदमास करणाऱ्या मिस्त्रीवर विसंबूं नये. फट चुकली म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडत-मिटत नाहींत, व हवा पुरती भरत नाहीं. ह्या कामानंतर अंक ३.०५ झाला.

४. नोझल. इंजेक्टर काढून डिझेल पंपाच्या कारागिराकडे द्यावेत. तो हातयंत्रावर लावून फवारा दाखवितो. आपण समोर उभें राहून पाहावें. चांगल्या नोझलचा फवारा धुक्यासारखा बारीक पडतो व बंद होतांच टोंक कोरडें राहतें. आमच्यांपैकीं एकाच्या टोंकाशीं थेंब लोंबत होता. तो थेंब हीच आमच्या धुराची मुख्य खाण होती. नोझल बदलून व दाब पुस्तकाप्रमाणें लावून घेतल्यावर अंक २.२० झाला, म्हणजे गाडी मर्यादेच्या आंत आली.

५. पंपाचें टायमिंग. फवारा उशिरा सुटत असल्यास तें दुरुस्त करावें. हें काम खुणा जुळवूनच करावयाचें आहे. तें करून घेतल्यावर अंक १.८६ पर्यंत उतरला. मर्यादेंत आल्यावरही आम्हीं हें काम करविलें, तें अशासाठीं कीं, काठावर पास झालेली गाडी दुसऱ्या सहामाहीस पुन्हां नापास होते.

६. टर्बो असलेल्या गाडींत हवेच्या रबरी नळ्या फुटलेल्या किंवा सैल आहेत काय तें पाहावें. तेथून हवा सुटली कीं काळा धूर निश्चित.

इतकें करूनही अंक उतरला नाहीं, तर मग कॉम्प्रेशन मोजून घ्यावें. तें कमी भरलें तर रिंगा, व्हॉल्व्ह अगर सिलिंडर झिजलेले आहेत, आणि इंजिन खोलण्यावांचून गत्यंतर नाहीं.

टाळावयाच्या युक्त्या

तपासणीपुरता पंपाचा स्क्रू मागें घेऊन डिझेल कमी करावयाचें, आणि पास होतांच पुन्हां पुढें आणावयाचें, ही युक्ति सर्वांस ठाऊक आहे. तिनें अंक उतरतो, पण लोंबणारा थेंब तसाच राहतो, आणि घरीं येतांना धूरही तसाच येतो. कारखान्याच्या खुणेपेक्षां पंप कोणी अगोदरच वाढवून ठेवला असेल, तर तो खुणेवर आणून तेथेंच ठेवणें ही मात्र दुरुस्ती होय, युक्ति नव्हे. डिझेलमध्यें रॉकेल मिसळण्याचा सल्लाही मिळतो. रॉकेलनें पंपास वंगण मिळत नाहीं, तो लवकर झिजतो, आणि असें मिश्रण बेकायदाही आहे. बाटलींतल्या औषधांनीं मळलेला फिल्टर किंवा झिजलेलें नोझल नवें होत नाहीं.

तपासणीच्या दिवशीं

गाडी थंड असतां कधींही तपासूं नये. पंधरा-वीस किलोमीटर चांगल्या वेगानें चालवून थेट केंद्रावर न्यावी. इंजिन तापलेलें असतें, आणि सायलेन्सरमध्यें सांचलेली काजळीही वाटेंत निघून जाते. रांगेंत बराच वेळ उभें राहावें लागलें, तर आपली पाळी येण्यापूर्वीं इंजिन पुन्हां गरम करावें. सायलेन्सरला भोंक असल्यास आधीं बुजवावें. रेस देण्याची कृति आपल्यासमोर व्हावी, आणि फी फलकावर लिहिलेली असेल तितकीच द्यावी.

ज्यांच्याकडे जुनी पेट्रोल व्हॅन आहे त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. तेथें धुराची दाटी न मोजतां, इंजिन मंद चालू असतां निघणारा कार्बन मोनॉक्साइड व न जळलेला हायड्रोकार्बन मोजतात. भारत स्टेज दोनपूर्वीच्या चारचाकीस मर्यादा शेंकडा ३ व दशलक्षांत १५००. स्टेज दोन व तीनला शेंकडा ०.५ व दशलक्षांत ७५०. स्टेज चारला शेंकडा ०.३ व दशलक्षांत २०० आहे. पहिला अंक वाढला तर पेट्रोल जास्त जातें असें समजून एअर फिल्टर व कार्बोरेटर पाहावा. दुसरा वाढला तर ठिणगी चुकते असें समजून प्लग व त्याच्या तारा पाहाव्यात.

एक आक्षेप

आम्ही हें सांगूं लागलों तेव्हां पारावर एका वडील गृहस्थांनीं विचारलें, "बाप्पा, चंद्रपुरात विजेच्या कारखान्याच्या चिमण्या रात्रंदिवस ओकून राहिल्या, तुमच्या एका गाडीनं काय होते?" प्रश्न खोटा नाहीं. केंद्रीय प्रदूषण मंडळानें २००९ सालीं देशांतील ८८ औद्योगिक क्षेत्रांचा निर्देशांक काढला, त्यांत चंद्रपूर ८३.८८ अंकांनीं चवथें आलें होतें. २०१९ सालीं निघालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमांतही चंद्रपूरचें नांव आहे. चिमण्यांचा जाब चिमण्यांच्या धन्यांस विचारलाच पाहिजे, आणि सभासदांनीं तो विचारीत राहावा.

परंतु चिमणीचा धूर आकाशांत सुटतो. आमच्या व्हॅनचा धूर कमरेइतक्या उंचीवर, आमच्याच गल्लींत, आमच्याच मागच्या आसनावर बसलेल्या माणसांच्या तोंडावर सुटत होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१२ सालीं डिझेलचा धूर माणसास कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गांत घातला आहे. शिवाय, जो खोटा कागद खिशांत घेऊन फिरतो, त्यानें दुसऱ्याचा कागद तपासावयास कोणत्या तोंडानें मागावा?

गाडी केव्हां सोडावी

इंजिन खोलण्याचा खर्च गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्याहून वर जात असेल, आणि सांगाडाही गंजला असेल, तर हट्ट धरूं नये असें आमचें मत आहे. अशी गाडी भंगारवाल्यास न देतां २०२१ च्या नियमांखालीं नोंदलेल्या मोडणी-केंद्रास द्यावी. तेथें गाडी जमा केल्याचा दाखला मिळतो, व खाजगी नव्या गाडीच्या करांत शेंकडा २५ पर्यंत सूट देण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे. नोंदणी रद्द झाल्याची खातरी मात्र करून घ्यावी. नाहीं तर आपल्या नांवची गाडी दुसऱ्याच्या हातीं फिरत राहते.

आमच्या व्हॅनला ती वेळ आलेली नाहीं. नोंदणी पांच वर्षांनीं वाढून मिळाली. गाडी लिटरास पुन्हां साडेबारा किलोमीटर चालते, आणि दुरुस्तीचा खर्च एका हंगामांत बराचसा भरून आला. दर वर्षीं वेचणी लागण्यापूर्वीं, सोयाबीन निघाल्यावर जे चार मोकळे दिवस मिळतात, त्यांत फिल्टर, ऑइल व टॅपेट पाहून घ्यावेत. आणि सोसायटीनें गांवोगांवच्या गाड्या एका दिवशीं एकत्र करून जाणत्या कारागिराकडून पाहविल्या, तर खर्चही वांटला जाईल, अशी आमची सूचना आहे.

गेल्या वेचणींत तीच बाई लेंकरासह त्याच आसनावर बसत होती. धुराविषयीं ती कांहीं बोलली नाहीं, आणि आम्हींही विचारलें नाहीं. दोन-तीन दिवसांनीं आमच्या ध्यानांत आलें कीं, नाकास लावलेला पदर आतां तिनें खालीं सोडला आहे. हें आमच्या गाडीचें दुसरें प्रमाणपत्र. तें मध्यस्थाकडून मिळत नाहीं.